तेरावी खोबण

आधी मला हलवू नका, मग बोलते. मी एक पत्र्याची गोल डबी, जेमतेम मूठभर उंचीची, झाकण पट्टी आणि लाख लावून बंद केलेलं. वय ऐंशीच्या पुढं. इतकी वर्षं मी एकाच भीतीनं काढली, की कुणाच्या तरी हातात असताना आपण फुटणार.

दुसरं महायुद्ध चालू असताना एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात बारा बारीक नळ्या भरल्या. हातबॉम्ब या नळ्यांनीच पेटतो, म्हणून त्या वेगळ्या पाठवत. लाकडी पेटीच्या तळाशी बारा खोबणी बॉम्बसाठी आणि मधली तेरावी माझी. नळ्यांखाली लोकरीची गादी होती, त्यामुळं तेव्हा मी अगदी गप्प होते.

आमची पेटी लढाईवर गेलीच नाही. युद्ध संपल्यावर बॉम्ब काढून घेतले आणि कुणा कंटाळलेल्या माणसानं मला खोबणीतच विसरून पेटी भंगारात ढकलली. पुण्यात हमाली करणाऱ्या गेनूनं ती एका लिलावाच्या ढिगातून उचलली आणि हिर्डोशीला घरी आणली. लाकूड चांगलं आहे, एवढंच त्यानं पाहिलं.

पेटीत नाचणीचं बी राहू लागलं. दर खंडेनवमीला कोयता-कुऱ्हाडीच्या रांगेत ‘लढाईतली पेटी’ म्हणून तिची आणि माझीही पूजा व्हायची. तेल, हळद, कुंकू. पुढच्या वर्षी त्यावरच पुन्हा तेल, पुन्हा कुंकू. ज्याला भ्यायचं त्यालाच माणसं ओवाळतात, हे मी त्या घरात शिकले. हळूहळू आमच्या अंगावरची अक्षरं लेपाखाली पार बुजली.

गेनूनं एकदा झाकणात विळ्याचं टोक घातलं होतं. मी मनातल्या मनात त्याच्या पोराबाळांची माफी मागितली. टोक मोडलं, त्यानं एक शिवी हासडली आणि नाद सोडला.

पुढं गादी कुजली, नळ्या सुट्या झाल्या आणि मी खुळखुळू लागले. गेनूची सून ठकुबाई हिनं तो आवाज ऐकला आणि आपल्या रडणाऱ्या लेकाच्या, गोरखच्या हातात मला दिलं. पोर गप्प झालं, आणि माझी नेमणूक पक्की झाली. गोरखनंतर त्याच्या दोन बहिणी. मला चावलं, आपटलं, उंबऱ्यावर ठोकलं. असल्या नळ्या वयानं शांत होत नाहीत, उलट जास्तच हळव्या होतात. ओरडून सांगावं, तर मला आवाज एकच, तो खुळखुळण्याचा.

यंदा मार्गशीर्षात भोरचे गंगाधर आले. तहसील कचेरीच्या दप्तरातून निवृत्त झालेला माणूस. दारूगोळ्याची जुनी खोकी, डबे, काडतुसांचे कागदी पुडे जमवायचा त्यांना नाद. अक्षरं वाचून माल कुठला, कोणत्या सालचा ते सांगायचे. घरात पाहुण्याला बसायला जागा नाही, खोक्यांना मात्र आहे, असं त्यांची बायको शैलजा म्हणायची. त्यांचा हा नाद कानावर आल्यावर टेम्पो चालवणाऱ्या गोरखनं मोबाईलवर पेटीचा फोटो पाठवला. कुंकवाच्या लेपातून त्यांना दोरीच्या मुठी तेवढ्या दिसल्या. काडतुसांची पेटी, असं ठरवून ते सकाळच्या एसटीनं हजर झाले.

ओसरीवर बसून त्यांनी खोबरेलाच्या बोळ्यानं कुंकू सोडवलं. भिंगातून एक शब्द वाचला, दुसरा वाचला, आणि घाईघाईनं नाचणी उपसून खोबणी मोजल्या.

“ठकुबाई, या मधल्या खोबणीत एक गोल डबी असते. ती कुठं आहे?”

“ती व्हय? आमच्या शेफीच्या हातात हाय न्हवं. आत खेळतीया.”

शेफाली म्हणजे गोरखची लेक, दहा महिन्यांची. या वयात हातातली वस्तू फेकण्यासाठीच असते. त्या सकाळी तिनं मला दोनदा गोधडीवर फेकलं होतं. गंगाधर लगबगीनं दारात आले आणि मला तिच्या हातात पाहून उंबऱ्यावरच थांबले.

“घ्या की वढून,” ठकुबाई म्हणाली. “रडंल जरा.”

“कुणी ओढू नका. आवाजही करू नका. ती डबी फुटेल. तुम्ही दोघं अंगणात जा.”

गोरख चौकट धरून तिथंच उभा राहिला. ठकुबाई हलली नाही. “माझी नात हाय ती,” ती हळूच म्हणाली. “म्या हितंच हाय.”

गंगाधर जमिनीवर बसले आणि आपलं पितळी मुठीचं भिंग त्यांनी पोरीपुढं धरलं. शेफालीनं मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. बाराही नळ्या एका बाजूला घसरल्या. मी खूप भ्याले, तिच्या इवल्या बोटांसाठी भ्याले. तिनं भिंग पाहिलं, त्यात गंगाधरांचा मोठा डोळा पाहिला, आणि हसली. भिंग घ्यायला एक हात सुटला, मग दुसरा, तोवर गंगाधरांनी आपला तळवा माझ्याखाली धरला होता. गंगाधरांच्या घामेजल्या तळव्यावरून मी निसटतच होते, त्यांनी दुसरा हात लावला.

मला गोधडीवर ठेवून त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. अंगणात त्यांनी पोलिसांचं नाव काढताच गोरख म्हणाला, “पोलीस कशापायी? तुमीच घिऊन जावा. आमी कुणाला सांगत न्हाई.” माझ्यासारखी बंद, भरलेली डबी गंगाधरांनी तोवर फक्त चित्रात पाहिली होती. ते दारापर्यंत परत आले, माझ्याकडं बघत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पोलिसांना फोन लावला. ठकुबाई बोटांवर आपली पोरं मोजत होती, गोरख, दोघी लेकी, शेफी. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

पुण्याहून बॉम्बवाले पोलीस आले. आता मी कापणी झालेल्या भातखाचरातल्या खड्ड्यात आहे. भोवती वाळूची पोती आहेत, अंगाला वायर बांधली आहे. माणसं ओढ्यापलीकडं थांबली आहेत. तुमच्या घरात असलं काही जुनं लष्करी असेल, तर ओवाळू नका, उघडू नका, पोराच्या हातात तर मुळीच देऊ नका. पोलिसांना बोलवा.

भीती अजून वाटतेच. पण मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. जवळ कुणाचाच हात नाही. पेटवा.