शेवटचा आकडा फर्गलला

"डिम्फ्ना, अगं ह्यावर एक कुठंय?" शेजारच्या जार्लथनं कठड्यावरून वाकत विचारलं.

डिम्फ्नाही वाकली. कॅसलबारच्या मतमोजणीत त्यांच्याच गावची पेटी उघडली होती आणि पक्षांची माणसं कठड्याला ओणवी होऊन उलगडणारी प्रत्येक चिठ्ठी टिपत होती. युरोपच्या संसदेसाठी तेवीस उमेदवार. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. पहिला बाद झाला की मत दुसऱ्याला जातं. ही चिठ्ठी मात्र सातापासून सुरू होत होती. शेवटचा एकोणतीस, फर्गल कॉलीच्या नावापुढं.

फर्गलला पाडायचंच, हे तिनं तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या शवपेटीपाशी उभं राहून ठरवलं होतं. तिच्या मॅलकीनं एकोणीस वर्षं शिडीवर चढून ह्या माणसाची पोस्टरं खांबांना बांधली. फुकट, भर पावसात. आणि हा तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "आपला टॉम म्हणजे देवमाणूस!"

टॉम! शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या डिम्फ्नानं कधी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्या दिवसापासून ती फर्गलचं वाईट रोज चिंतत आली.

मतदानाआधी तिनं गावातली म्हातारी मंडळी चर्चच्या हॉलमध्ये चहाला बोलावली. "दोन-तीन आकडे घालून पेन्सिल खाली ठेवाल तर खबरदार!" तिनं बजावलं. "थांबायचं नाही. सगळ्यांना आकडे द्यायचे आणि शेवटचा त्या मेल्याला."

मंडळी थांबली नाहीत. मतदानाच्या दिवशीच स्थानिक कौन्सिलचीही निवडणूक होती. तिथल्या सहा नावांना त्यांनी सहा आकडे दिले, आणि युरोपच्या चिठ्ठीवर सातापासून पुढं चालू ठेवलं.

"एक नाही म्हणजे चिठ्ठी बाद," जार्लथ हळूच म्हणाला. "किती झाल्या गं?"

"एक्केचाळीस."

मोजणीच्या पाचव्या दिवशी दुपारी शेवटच्या जागेचा निकाल लागला. फर्गल अडतीस मतांनी आला. कार्यकर्त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. डिम्फ्नाला वाटलं, जाऊन त्याच्या तोंडात मारावी. पण मारायची कुणाच्या? तिनं स्वतःच्याच तोंडानं त्याला ब्रसेल्सला पाठवलं होतं.

गावी हॉलमध्ये सगळे सँडविचेस करून वाट पाहत बसले होते.

"आला ना मेला निवडून?" शहाऐंशी वर्षांच्या कॉन्सेप्टानं विचारलं. "रेडिओवर ऐकलं. पण आम्ही तू सांगितलंस तस्संच केलं हो! हात दुखला, पण एक नाव सोडलं नाही."

जार्लथनं तोंड उघडलं. डिम्फ्नानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मिटलं.

"तुमचं काहीच चुकलं नाही," ती म्हणाली, आणि किटली उचलून एकेकाच्या कपात चहा ओतू लागली.