जीवननं पुसलेलं फोल्डर

मांजरसुंब्याच्या चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं म्हणून कुणी जगाचा मास्तर होत नाही, पण जीवनला हे सांगणार कोण? जिल्ह्यातल्या अडीचशे मेकॅनिकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याचा, अ‍ॅडमिन तोच, आणि रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी त्याची टिप पडायची. सीपीयूतली धूळ ब्लोअरनं कशी काढावी, अपडेट चालू असताना मशीन का बंद करू नये, आणि दर चार दिवसांनी तेच एक: आधी कॉपी घ्या, मग हात लावा. कॉपी न घेता कुणी गिऱ्हाइकाचा डेटा उडवला की जीवन त्याला सगळ्यांसमोर असा झाडायचा, की तो बिचारा महिनाभर ग्रुपवर दिसायचा नाही.

तर असा हा शहाणा लिंबागणेश गावी रोहिणीकडं गेला. रोहिणी म्हणजे धुळाजी मेंढपाळाची सून. घरीच लोकांचे अर्ज, बायोडाटा टाईप करून द्यायची. जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले म्हणून तिला नवी टाकून पाहिजे होती. ती सांगत होती, की माझं सगळं डेस्कटॉपवर हाय. हा मोबाईलवर बीडच्या कुणाला तरी अक्कल शिकवत होता, त्यानं नुसतं हं हं केलं. डी ड्राइव्हमध्ये तिच्या नावाचं फोल्डर दिसलं, तिचं सगळं यातच असेल म्हणून गडी खूश. नवी विंडोज चढवली. अशा वेळी डेस्कटॉपवरचा जुना ऐवज ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरात जाऊन बसतो, हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक. पण सी ड्राइव्ह भरून लाल झाला होता आणि याला निघायची घाई. जागा करायला ते फोल्डर उघडूनही न बघता पुसून टाकलं.

त्यात धुळाजीची चाळीस वर्षं होती. मेंढरं घेऊन कुठल्या वाटेनं उतरायचं, कुठल्या बारवेला उन्हाळ्यात पाणी असतं, कोण वावरात मेंढरं बसवू देतो, कुठला पाला खाल्ला की पोट फुगतं. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. दोन पावसाळे तो सुनेजवळ बसून सांगायचा आणि ती टाईप करायची. आपलं डोकं कॉम्प्युटरात चाललंय, हे तो पारावर लई कौतुकानं सांगायचा.

दुसऱ्या दिवशी रोहिणीचा फोन आला, डेस्कटॉपवरचं काहीच दिसत नाही म्हणून. मशीन दुकानात आणून त्यानं डेटा परत काढायची होती नव्हती ती सगळी सॉफ्टवेअरं चालवली. काही हाती लागलं नाही. खरं बोलायची वेळ तीच होती. आणि या बहाद्दरानं फोनवर काय सांगावं? फाईली आधीच खराब झालत्या म्हणे, लाईट गेल्यावर मशीन तसंच बंद पडतं ना, त्यानं होतं असं. रोहिणी म्हणाली, माझंच चुकलं भाऊ.

त्यानंतर आठ दिवस ग्रुपवर टिप पडली नाही. जीवनला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मशीन तयार होतं, पण ते द्यायला जायचं तोंड नव्हतं.

शेवटी गेला. वायरी जोडून निघणार, तर रोहिणी वही-पेन घेऊन समोर बसली. पुन्हा आपल्या हातनं असं व्हायला नको, म्हणून काय काय जपायचं ते सांगा म्हणाली. मामा, म्हणजे सासरे, आपल्याशी बोलत नाहीत, हे तिनं खाली बघूनच सांगितलं. जीवन सांगत गेला, ती लिहीत गेली. महत्त्वाच्या फाईली डेस्कटॉपवर ठेवू नयेत. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक घराबाहेर. लाईटीसाठी यूपीएस घ्यावा. आणि शेवटी तो म्हणाला,

“आन नवी विंडोज टाकल्यावर विंडोज ओल्ड फोल्डर मालकाला विचारल्याबिगर पुसू नये.”

“ते कोन पुसतं भाऊ?”

“मी पुसलं ताई. तुमच्या हातनं काईच झालं न्हाई.”

रोहिणीचं पेन थांबलं. तिनं आरडाओरडा केला असता तर जीवनला बरं वाटलं असतं. ती उठली आणि म्हणाली, “चला. हे मामांना सांगा.”

धुळाजी मेंढरांच्या वाड्यात लंगड्या कोकराचा पाय चोळत बसला होता. जीवननं उभ्यानंच सगळं सांगितलं. फोल्डर, ड्राइव्ह यातलं म्हाताऱ्याला काही कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

“म्हंजी हिनं न्हाई घालवलं?”

“न्हाई बाबा. मी.”

“आन तुला हे आठ दिस ठावं व्हतं?”

“व्हय.”

धुळाजीनं कोकरू खाली सोडलं. सुनेकडं बघायला त्याला वेळ लागला. आठ दिस म्या हिच्या हातचं पानीसुदीक घेतलं न्हाई, असं तो पुटपुटला, ते जीवनला नाही, स्वतःलाच. मग तो तिला म्हणाला, “रोहिणी, च्या टाक.”

ती दारात थांबली. तिनं विचारलं, “किती?”

“दोन,” म्हातारा म्हणाला. “तुला आन मला.”