नकार लेखी द्या

"त्याला व्यसन लागेल," इस्पितळाचे मोठे सर चष्मा पुसत म्हणाले आणि मॉर्फिनच्या मागणीचा कागद त्यांनी परत सरकवला.

डॉक्टरबाईंनी तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. कागद ज्याच्यासाठी होता तो शिंपी वॉर्डात शेवटच्या खाटेवर होता. कॅन्सर मणक्यापर्यंत पोचलेला. नऊ दिवस तो आडवा झाला नव्हता. पाठ टेकली की ओरडायचा, आणि मग आजूबाजूच्या रोग्यांची माफी मागायचा.

बाई मूळच्या भूलतज्ज्ञ. अकरा वर्षं त्यांनी माणसं झोपवली आणि शुद्धीवर आणली. पुढे त्यांचं काय होतं, हे विचारायची वेळच कधी आली नाही. एकदा वॉर्डात, पाय कापलेल्या एका ड्रायव्हरने त्यांचा हात धरून सांगितलं, की नसलेल्या पायाची बोटं दुखतात. याच सरांनी तेव्हा विद्यार्थ्यांदेखत त्याची टर उडवली होती. बाईही कसनुसं हसल्या होत्या. त्या हसण्याची लाज काही केल्या जाईना. चाळिशीत त्या वेदनेवरचे उपचार शिकायला परगावी गेल्या. सासूबाईंनी नाक मुरडलं, नवऱ्याने दोन वर्षं मुलींच्या वेण्या घातल्या. परत आल्यावर त्यांना चादरींच्या कोठाराशेजारची खोली मिळाली, आणि 'दुखण्याच्या बाई' हे नाव.

"व्यसन लागायला माणूस तेवढा जगावा लागतो, सर," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे महिनाही नाही."

सरांनी नियम सांगितले, चौकशीची भीती घातली, आणि वर ऐकवलं, की माणसाने थोडंफार सोसायलाच हवं.

बाईंनी आवाज चढवला नाही. "मग हेच लिहून द्या. नकार, कारण आणि खाली सही. मी तो कागद त्याच्या उशाशी लावते."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग मागणीच्या कागदावर, न वाचताच, त्यांनी सही खरडली. जबाबदारी तुमची, असंही बजावलं.

बाईंनी स्वतःच्या हाताने औषध पाजलं. तासाभराने शिंपी हळूहळू कुशीवर कलला. मध्येच थांबला, दुखतंय का ते चाचपल्यासारखा. मग त्याला झोप लागली.

नऊ दिवस त्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसलेली त्याची बायको मात्र, खांदा तसाच पुढे काढून, खाटेच्या कडेवर बसून राहिली.