समतोल उत्तराचा सराव

पुन्हा.

सृष्टी खुर्चीवर ताठ बसली. समोर टेबलामागं दोघं: सोमनाथ काळे सर आणि क्लासचे मालक शिवशंकर. त्यांच्या मागं स्टँडवर मोबाइल. एसी बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. खिडक्या बंद, कारण गारखेड्याचा तो रस्ता दिवसभर हॉर्न वाजवत असतो. दार बंद, कारण बाकीची मुलं डोकावतात. खोलीत हवा म्हणून जी काही होती ती सगळ्यांनी एकदा तरी वापरून झालेली होती.

"तुमच्या तालुक्यात आरक्षणावरून दोन समाजांत तणाव आहे," सोमनाथ सरांनी विचारलं. "तहसीलदार म्हणून तुम्ही काय कराल?"

"आधी विचारीन, मारलं कुणी."

"थांब. कापा," शिवशंकर म्हणाला.

पुन्हा.

आता हे कोण आणि कशाला चाललंय, ते सांगून टाकू. सृष्टीची सोमवारी लोकसेवा आयोगाची मुलाखत होती. गेल्या खेपेला लेखी परीक्षेत ती वर होती आणि मुलाखतीत गेली. याच विषयावर तिचा आवाज चढला होता. या खेपेला तो चढू नये, एवढंच सोमनाथ सरांचं काम होतं. आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता. 'एकीकडे' म्हणताना डावा तळहात उघडायचा, 'दुसरीकडे' म्हणताना उजवा, आणि 'प्रशासन म्हणून' आलं की दोन्ही अलगद जुळवायचे. मुलं त्यांना पाठीमागं तराजू म्हणत. त्यांच्या हाताखालची कितीतरी पोरं असे तळहात उघडत जाऊन साहेब झाली होती.

स्वतः सर कुणाच्या बाजूचे? यावर खालच्या चहाच्या गाड्यावर पैजा लागत. आडनावावरून ओळखावं, तर काळे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, ब्राह्मणांतही आहेत. शिवशंकरला हे फार आवडायचं. "वर्गात दोन्हीकडची पोरं बसतात, काळे सर," तो म्हणायचा, "आणि फी दोघांची सारखीच असते." सरांच्या आधी राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांनी एकदा फळ्याकडं पाठ करून आपलं मत सांगितलं होतं. त्यानंतर ते मास्तर फळ्याजवळ दिसले नाहीत.

पुन्हा.

"एकीकडे," सृष्टी म्हणाली. डावा तळहात उघडला. "एकीकडे आमची मेंढरं. दरसाल पीक निघालं की आजा ती गावातल्या मराठ्यांच्या त्याच वावरात बसवायचा. खत त्यांना, दाणे आम्हाला. त्यांच्या घरच्या लग्नात आजा पुढच्या पंगतीला असायचा. दुसरीकडे..." उजवा तळहात उघडला, पण त्यावर काय ठेवावं ते तिला सुचेना. "दुसरीकडे त्यांची पोरं. म्हणली, तुमच्या पुढाऱ्यानं आमच्याविरुद्ध भाषण केलं, आता वावरात पाय ठिवायचा नाय. आज्याचा हात मोडला. तो पुढारी कोण, ते आज्याला अजून ठावं नाय."

शिवशंकरनं कपाळाला हात लावला. "पोरी, आयोग काय तुझ्या आज्याची चौकशी करायला बसलाय का?"

भिंतीला टेकून पुढचा उमेदवार उभा होता. ऋतुराज, फुलंब्रीचा, मराठ्याचा पोरगा. त्याचा भाऊ आंदोलनात उपोषणाला बसलेला. गळ्यातला टाय सैल करत तो म्हणाला, "हे चूकच हाय की. म्हाताऱ्या माणसाला मारतेत व्हय? त्यात काय विचारायचं?"

वाक्य केवढं सोपं होतं. सोमनाथ सरांनी आधी मोबाइलकडं पाहिलं. रेकॉर्डिंग चालू होतं.

"ते पण कापा," शिवशंकर म्हणाला.

"बघा सर," सृष्टी म्हणाली. "यानं सांगितलं. आता तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून एकदा ऐकते, मग तुमचं उत्तर जसंच्या तसं देते. आवाज चढला तर क्लासमधून काढा."

"मास्तरचं मत ऐकायला फी भरली का तू?" शिवशंकर हसला. "चहा घेऊन या सगळे. डोकी तापलीत."

पुन्हा. या खेपेला जिन्यात.

ऋतुराज चहा सांगायला खाली गेला. सृष्टी मधल्या पायरीवर थांबली, आणि सर तिच्या वरच्या पायरीवर. इथं ना मोबाइल होता, ना शिवशंकर. सरांना तिला ते द्यायचं होतं. खरंच द्यायचं होतं. 'तुझ्या आज्याला मारलं ते चूक झालं, आणि ज्यांनी मारलं ते दोषी आहेत.' मनात वाक्य तयार होतं, कर्त्या-क्रियापदासकट. त्यांनी घसा खाकरला.

"हे बघ सृष्टी. कायदा हातात घेणं, मग ते कोणत्याही बाजूनं..."

"सर."

"नाही, ऐक. मला असं म्हणायचंय की तुझ्या आजोबांच्या बाबतीत जे घडलं, त्याची पार्श्वभूमी..."

"सर, हितं कॅमेरा नाय."

"माहितेय मला!" ते जवळजवळ ओरडले. आणि मग त्यांचं लक्ष आपल्या हातांकडं गेलं. डावा तळहात उघडलेला होता. उजवा उघडण्याच्या बेतात होता. त्यांनी तो मुठीत आवळला, खिशात घातला, दात आवळले आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"दोन्ही समाजांनी..."

सृष्टी हसली. कुचकं नव्हतं ते हसू. घरात कुणी फार दिवसांचं आजारी असलं की माणूस जसं हसतं, तसं.

"ऱ्हाऊ द्या, सर," ती म्हणाली. "चला. उत्तर घेऊ."

पुन्हा.

"तुमच्या तालुक्यात आरक्षणावरून दोन समाजांत तणाव आहे. तहसीलदार म्हणून तुम्ही काय कराल?"

"सर, एकीकडे मागास राहिलेल्या घटकांच्या रास्त अपेक्षा आहेत. दुसरीकडे आधीपासून लाभ घेणाऱ्या घटकांची भीती आहे. प्रशासन म्हणून मी दोन्ही बाजूंची शांतता बैठक बोलवीन आणि कायदा व सुव्यवस्था राखीन." तळहात जुळले. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. 'नाय' नव्हतं, 'हितं' नव्हतं.

शिवशंकरनं टेबलाखाली सरांना ढोसलं. क्लासच्या जाहिरातीसाठी सोन्यासारखी क्लिप होती.

आता एकच प्रश्न उरला होता. आयोगाचे लोक हमखास विचारतात तो, आणि गेल्या खेपेला ती ज्यात अडकली तो. सोमनाथ सरांना तो विचारायचा नव्हता. पण तो नाही विचारला, तर सोमवारी ती पुन्हा तिथंच अडकेल. त्यांनी विचारला.

"हे झालं अधिकारी म्हणून. तुमच्या घरात असं काही घडलं, तर व्यक्ती म्हणून तुमचं मत काय?"

मोबाइलवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. सृष्टीनं सरांच्या डोळ्यांत पाहिलं. सर वाट पाहत होते. तिचा आवाज चढावा, तिनं खुर्ची मागं सारून उठावं, तिनं आज्याचं नाव घ्यावं, म्हणून ते वाट पाहत होते.

"सर," ती म्हणाली, "व्यक्ती म्हणून माझं वेगळं मत नाही."

"वा!" शिवशंकरनं टाळी वाजवली. "निवड पक्की. ऋतुराज, ये बस. टाय नीट कर."

सृष्टी उठायला लागली.

"थांब," सोमनाथ सर म्हणाले. "पुन्हा घेऊ."

"का?" शिवशंकर त्यांच्याकडं बघत राहिला. "काय चुकलं? उत्तर बरोबर आहे की."

ऋतुराज खुर्चीजवळ येऊन अडखळला. सृष्टी अर्धवट उठलेली तशीच थांबली. तिघंही त्यांच्याकडं पाहत होते, मोबाइलसुद्धा. सरांनी तोंड उघडलं. जिभेवर 'एकीकडे' आलं, ते त्यांनी गिळलं. मग 'दुसरीकडे' आलं, तेही गिळलं. त्यानंतर जिभेवर काहीच आलं नाही.

"काळे सर," शिवशंकर म्हणाला, "काय चुकलं ते सांगा ना."