तिसरा अर्थ

“हा तिसरा अर्थ उडवा, वहिनी. दादानं ही ओळ मनानंच रचलीय,” असं म्हणून भाऊजींनी मुद्रितं तिच्या टेबलावर टाकली.

प्राचीन ग्रीक कोशाच्या कचेरीत भाऊजी मुख्य संपादक, वहिनी नोंदी तपासणारी. घरी दीर-भावजय, इथे साहेब आणि हाताखालची. दोन्हीकडे त्यांच्यातून विस्तव जात नसे.

वहिनींचा नवरा गेला तेव्हा कोश अर्धवट होता. नंतर थोरल्याचं काम धाकट्याने एकेक करून बाद केलं. उरली ही एकच नोंद. ‘पहारा देणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाला त्याने ‘जागून वाट पाहणे’ असा तिसरा अर्थही दिला होता. आधाराला एका जुन्या नाटकातल्या बाईची ओळ होती: नवऱ्यासाठी मी रात्रभर दाराशी बसते. ओळीचा जो आकडा दिला होता, त्यावर नाटकात ती सापडत नव्हती. भाऊजींनी शिपायासकट सगळ्यांसमोर दादाला थापाड्या म्हटलं, ते वहिनींच्या जिव्हारी लागलं. माणूस हट्टी होता, विसरभोळा तर इतका की जेवलो का हे बायकोला विचारायचा. पण खोटेपणा त्याच्या अंगात नव्हता.

मग तिच्या ध्यानात आलं. ओळींचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, आणि नव्या आवृत्तीचा ठसा बारीक म्हणून तो जुनीच वापरायचा. चष्मा बदलायचा आळस, दुसरं काय! तिने कपाटाच्या तळातून जुनी आवृत्ती काढली. ओळ तिथे होती, अक्षरन् अक्षर. तिला रडू आलं, आणि ते पुस्तक भाऊजींच्या डोक्यात घालावं असंही वाटलं.

दाखल्याच्या वरची ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा कचेरीचा नियम. तिने वाचली. दाराला आतून अडसर घातलाय, हाताशी मुसळ आहे, असं ती बाई सांगत होती. तिला नवऱ्याला घरात येऊच द्यायचं नव्हतं. सरळसरळ पहारा होता तो.

वहिनींनी पुस्तक उघडंच भाऊजींपुढे नेऊन ठेवलं. वाचताना त्यांचा चेहरा पडला, मग वरच्या ओळीशी येऊन खुलला.

“ओळ आहे म्हणायची. पण अर्थ...”

“आधी थापाड्या म्हणालात ते मागे घ्या. सगळ्यांदेखत म्हणालात, सगळ्यांदेखतच घ्या.”

भाऊजींनी खाकरून शब्द मागे घेतला. मग लाल पेन उचललं.

“राहू द्या, भाऊजी. त्यांच्या नोंदीला तुमचा हात नको.”

आपल्या टेबलाशी येऊन तिने पट्टी ठेवली आणि तिसऱ्या अर्थावर सरळ रेघ ओढली. ओळ तेवढी ‘पहारा देणे’ या पहिल्या अर्थाखाली नेली, नव्या आवृत्तीतला आकडा घालून.

तो अर्थ त्याने घरून आणला होता. कचेरीतून तो उशिरा यायचा, आणि ती दाराशी जागी असायची. पण घरचा दाखला कोशात चालत नाही. तिने समासात सही केली आणि पुढची नोंद ओढली.