गाडी वन्संची

वन्संनी कारखाना सोडला त्याच्या चौथ्या दिवशी आमच्या दारात एक टेम्पो उभा राहिला आणि दोन हमालांनी त्यातून मोटरसायकल उतरवली. उतरवली म्हणजे फळीवरून घसरवली, कारण तिची चाकं फिरतच नव्हती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, पत्ता चुकला असणार.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. वय छप्पन्न, उंचीने माझ्या कानापर्यंत. लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे कुणाला विचारूही दिलं नाही. एकतीस वर्षं त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करत होत्या. दोनशे मशीनं एकदम चालू असताना कुठल्या मशीनचा आवाज बिघडलाय ते त्या दारातून सांगायच्या. मग नवी मशीनं आली. ती बिघडली की बनवणाऱ्या कंपनीचीच माणसं येतात. वन्संना एक कागद आणि भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला आणि घड्याळ फाटकावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकलं.

ह्यांनी त्याच आठवड्यात सगळं आखून ठेवलं होतं. ताईने आता आराम करायचा. मागची खोली तिची. दुपारी मला घरात मदत, संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या. ह्यांचं मन वाईट नाही हो, पण दुसऱ्याचं आयुष्य आखायला बसले की ह्यांना आवरणं कठीण. वन्सं सगळं ऐकून घेत होत्या, चहात बिस्कीट बुडवत होत्या आणि हूं की चूं करत नव्हत्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गाडी क्रूझर होती. लांबलचक, बसकी, हँडल मागे ओढून घेतलेलं, म्हणजे पाय पुढे सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. कारखान्याचा एक साहेब बदली होऊन गेला तेव्हा ती शेडमागे टाकून गेला होता, त्याला सात वर्षं झाली. टाकीचा रंग पोपडे धरून सुटला होता, टायरांना टाचांसारख्या भेगा पडल्या होत्या, आणि सीटच्या फाटक्या कोपऱ्यातून कुणीतरी, बहुतेक उंदराने, निम्मा स्पंज घर बांधायला नेला होता. वन्संनी साहेबाचा पत्ता काढून पत्र पाठवलं होतं, कागदपत्रं रीतसर आपल्या नावावर करून घेतली होती. म्हणजे हा बेत काही चार दिवसांतला नव्हता.

हे संध्याकाळी घरी आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कुणासाठी घेतलीस?"

"माझ्यासाठी."

हे हसले. कुणी साथ देत नाही हे लक्षात आल्यावर थांबले. मग सुरू झालं. वय काय, वजन काय, लोक काय म्हणतील, तुझे पाय तरी जमिनीला टेकतील का. वन्संनी हातातलं फडकं सीटवर आपटून धूळ उडवली, पाय टाकून बसल्या आणि दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकवून दाखवले. कारखान्यातलं माझं स्टूल यापेक्षा उंच होतं, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला निकाल द्यायला बोलावलं. आमच्या गल्लीत गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने खिशातले हात न काढता पाहणी केली, बुटाने मागचं चाक ढोसलं आणि सांगितलं की इंजिन जाम आहे, यात काही राम नाही, फार तर सुट्ट्या भागांसाठी आपण घेऊन जाऊ. वन्संनी विचारलं की प्लग काढून बघितला नाही, किक मारून बघितली नाही, मग इंजिन जाम हे कसं कळलं. तो म्हणाला, अनुभव. वन्सं म्हणाल्या की अनुभव आपल्यालाही आहे, आणि आत येऊन माझं सगळ्यात मोठं स्टीलचं ताट घेऊन गेल्या.

ते ताट मला परत मिळालं नाही. त्यात स्क्रू, वायसर, स्प्रिंगा अशा रांगेने मांडलेल्या असत की पाहुण्यांपुढे मी फराळसुद्धा तितका नीट मांडत नाही.

घराशेजारी पत्र्याची शेड आहे, तिथे काम चालू झालं. वन्सं कारखान्यातला निळा कोट चढवून सकाळी आठला हजर व्हायच्या, पगार चालू असल्यासारख्या. इंजिन जाम होतं हे खरंच निघालं. प्लग काढून आत तेल सोडलं आणि रोज गाडी गिअरमध्ये घालून मागचं चाक हाताने जरासं पुढे, जरासं मागे. पहिला दिवस, दुसरा दिवस, काही नाही. ह्यांनी जाता-येता खाकरायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर वन्सं चाक धरून स्तब्ध बसलेल्या. म्हणाल्या, हलली. मला काही दिसलं नव्हतं. त्यांनी माझा हात चाकावर ठेवला आणि आपल्या हाताने ढकलला, तेव्हा आत कुठेतरी काहीतरी सुटल्यासारखं जाणवलं.

त्यानंतर मीही अडकले. टाकीत गंज होता. तो खरवडायला आत मूठभर नटबोल्ट आणि भांडी घासायच्या पावडरीचं पाणी घालून आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि टाकी रजईत गुंडाळून तासभर हलवली. आवाज असा की शेजारीण दोनदा डोकावून गेली. पुढचा ब्रेक इतका धरलेला होता की तो सोडवताना वन्संच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. कार्बोरेटर उघडला तर जुनं पेट्रोल आत डिंकासारखं चिकटलेलं. त्यात एक पितळी जेट असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आणि त्याला केसाएवढं भोक. मी शिवणाची सुई पुढे केली तर वन्संनी माझा हात वरच्यावर धरला. सुईने भोक मोठं होतं, मग गाडी नुसतं पेट्रोल पिते. त्यांनी जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून काढली आणि तिने ते मोकळं केलं. उजेडासमोर धरून मला दाखवलं. भोकातून खिडकीचा एक ठिपका दिसत होता.

त्याच दिवशी मी विचारलं, की वन्सं, एवढं कशासाठी.

त्या जेट फडक्यात गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "बाबांनी स्कूटर घेतली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बंद पडली की मी चालू करून द्यायचे. चालवायला मात्र तुझ्या नवऱ्याला शिकवली, तो बारा वर्षांचा होता तरी. मग कारखान्यात दोनशे मशीनं. मी दुरुस्त करायची, शिवायचं दुसऱ्यांनी. कंटाळा आला गं."

पुढे मला आणखी एक गोष्ट कळली. महिनाभर वन्सं पहाटे फिरायला जातात असं आम्ही समजत होतो. त्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जात होत्या. लायसन्स हातात पडलं तेव्हा त्यांनी ते फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं, विजेच्या बिलाशेजारी. हे तीन दिवस फ्रिज उघडत होते आणि त्याकडे बघत नव्हते.

तिसऱ्या महिन्यात गाडी चालू झाली. आधी दोनदा खोकली, निळा धूर सोडला, आणि मग तिने ठेका धरला. जड, सावकाश, जमिनीतून पायांत चढणारा आवाज. गल्लीतली खिडकी न् खिडकी उघडली. वन्संचे डोळे मिटलेले होते. त्या ऐकत होत्या. मग वाकून त्यांनी एक स्क्रू पाव फेरा फिरवला आणि ठेका आणखी सावकाश झाला.

आवाज कोपऱ्यापर्यंतही गेला होता. गॅरेजवाला आता खिशातून हात काढून आला. वन्संशी बोलला नाही, ह्यांच्याशी बोलला. त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार होतं. आणि ह्यांनी, माझ्या नवऱ्याने, घरात कुणाला काही न विचारता त्याला हो म्हणून टाकलं.

रविवारी सकाळी तो दोन माणसं घेऊन दारात आला तेव्हा आम्हाला कळलं. वन्सं नव्या टायरांमध्ये हवा भरत होत्या. हे बाहेर आले, जरा घसा साफ केला आणि समजावणीच्या सुरात बोलू लागले. हौस झाली, गाडी चालू झाली, नाव झालं, आता चांगल्या माणसाच्या हातात जाऊ दे. मी याला शब्द दिलाय ताई.

वन्संनी पंप खाली ठेवला.

"शब्द तू दिलास, तर तुझी स्कूटर दे त्याला. ही गाडी माझी आहे."

गॅरेजवाल्याच्या एका माणसाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. गॅरेजवाला मात्र चिडला. म्हणाला, ताई, गाडी चालू करणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, ही नुसती कलंडली तरी तुम्हाला चार माणसं बोलवावी लागतील. असं म्हणत त्याने किती जड आहे ते दाखवायला हँडल धरून ती स्टँडवरून सरळ केली. पण तिचा तोल त्याला माहीत नव्हता. ती पलीकडे गेली ती गेलीच. उजव्या अंगावर धाडदिशी पडली, आरसा फुटला आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकायला लागलं.

दोन्ही माणसं पुढे धावली. हे सुद्धा धावले. वन्संनी हात आडवा केला.

"कुणी हात लावायचा नाही."

त्या आवाजाने हे जागच्या जागी थांबले. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता, ह्यांनी मात्र लहानपणी ऐकला असावा.

वन्संनी घाई केली नाही. आधी पेट्रोलचा कॉक बंद केला. गाडी गिअरमध्ये घातली. वर आलेल्या बाजूचा स्टँड पायाने उघडून ठेवला, म्हणजे उभी करताना ती पलीकडे जाऊ नये. मग हँडल पुरतं वळवलं, गाडीकडे पाठ केली आणि सीटला टेकून उकिडव्या बसल्या. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात सीटखालची नळी. पाठ ताठ. आणि मागे मागे छोटी पावलं टाकायला लागल्या. चेहरा लाल झाला, मानेची शीर उठली. गाडी हातभर उठून थांबली. पण त्यांची पावलं थांबली नाहीत, आणि बघता बघता ती उभी राहून स्टँडवर टेकली.

कारखान्यात मशीनं टेबलासकट अशीच हलवायचे, वन्सं कोटाला हात पुसत म्हणाल्या. ओढायचं नाही, पायांनी ढकलायचं. मग गॅरेजवाल्याला सांगितलं की आरसा उद्यापर्यंत आणून द्या, डाव्यासारखाच हवा. तो दोन्ही माणसांना घेऊन गेला.

वन्संनी हेल्मेट चढवलं आणि त्या तशाच निघाल्या. गल्लीच्या टोकाला वळताना एक पाय जरा लटपटला, पण वळल्या.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पाऊण तासाने वन्सं परत आल्या त्या गाडी ढकलत. भर उन्हात, कोट घामाने भिजलेला, गॅरेजवरून, पानटपरीवरून, सगळ्या गल्लीच्या देखत. दहा मिनिटं छान चालली आणि मग दिवा विझावा तशी बंद पडली होती. गॅरेजवाल्याने दुकानातून ओरडून विचारलं, माणसं पाठवू का? वन्सं थांबल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आरसा पाठवा."

ह्यांनी जेवताना विषय काढला नाही. पण ताटावरून उठताना म्हणाले की झालं तेवढं पुरे. वन्सं म्हणाल्या, "अजून सुरुवात कुठे झाली."

सकाळी त्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि आतून फुस्स असा श्वास घेतल्यासारखा आवाज आला. त्या खाली बसल्या आणि स्वतःलाच शिव्या द्यायला लागल्या. झाकणाला हवा आत जायला एक बारीक छिद्र असतं. झाकण गळू नये म्हणून त्यांनी जाड रबराची चकती कापून बसवली होती, तिने ते छिद्रच बुजलं होतं. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. माझीच चूक, असं त्या तीन वेळा म्हणाल्या, आणि प्रत्येक वेळी आवाजात जास्त आनंद होता. चकतीला भोक पाडलं. गाडी शेडमध्ये तासभर चालू ठेवली. बंद पडली नाही. आरसा दुपारी आला, अगदी डाव्यासारखा.

पुढच्या आठवड्यात वन्संनी छोटी पिशवी सीटच्या मागे बांधली. कुठे निघालीस, ह्यांनी विचारलं. अजून ठरवलं नाही. परत कधी येणार? तेही नाही. हे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही करू शकत होते. मग म्हणाले, "लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, गाडी घेऊन गेली."

चार दिवसांत त्यांचा एकच फोन आला, तोही मला, चेन किती सैल ठेवली होती ते वहीत बघून सांग म्हणून. पाचव्या दिवशी दुपारी तो जड ठेका गल्लीत शिरला. हे माझ्या आधी दारात पोचले. वन्संचं नाक उन्हाने सोललं होतं, गाडीवर लाल माती थापली होती आणि डावीकडचं पायदान तुटून तिथे लाकडाचा ठोकळा तारेने घट्ट आवळला होता. पायदान कुठे तुटलं, कसं तुटलं, त्यांनी सांगितलं नाही. हात धुतले, दोनदा वाढून घेऊन जेवल्या आणि मागच्या खोलीत जाऊन दिवसाढवळ्या घोरायला लागल्या.

हे बराच वेळ शेडमध्ये उभे होते. मग आत आले आणि हळूच मला विचारलं, की ताई उठली की विचारशील का, त्या ठोकळ्याच्या जागी नवीन बसवायचं तर कुठल्या मापाचं आणू.

मी म्हटलं, तुमची बहीण आहे, तुम्हीच विचारा.