मोरॅगची रेघ, मदत सत्तर

आयुष्यभर मी थापा मारल्या आणि त्या सगळ्या खपल्या. फोर्टरोझला, मटौरा नदीच्या मुखाशी, खांबांवर उभी माझी झोपडी आहे. तिथे बसून ज्याने चहा प्यायला, तो थाप ऐकल्याशिवाय परत गेला नाही. कुणी रागावलं नाही. उलट लोक चीज रोल बांधून आणतात आणि म्हणतात, "डंकन, ती ट्रॅक्टरचं टायर गिळणाऱ्या वाम माशाची गोष्ट होऊन जाऊ दे." पण गेल्या वसंतात (आमच्याकडे तो ऑक्टोबरात असतो) मी एक लहानशी थाप मारली, सात-आठ शब्दांची, तीसुद्धा भल्यासाठी. तेव्हापासून मोरॅग गॅलब्रेथ माझ्यावर जी पेटलीय ती विझायचं नाव घेत नाही. पेटू दे. मीही कमी पेटलेलो नाही. तिच्यावर, तिच्या भाचीवर आणि सगळ्यांत जास्त त्या काचेच्या पाटीवर.

मोरॅग चित्रं काढते. पुस्तकांसाठी. वय चौऱ्याहत्तर. सेहेचाळीस वर्षं तिचा एक नेम आहे: सकाळी चहाआधी एक पान. समोर जे असेल ते, पेन न उचलता, एका रेघेत. किटली, बादली, माझे गमबूट. ती रेघ कशी होती ते सांगतो. एकदा तिने माझ्या दारावर पाणकावळा काढला, तर पंधरा दिवस माझ्या जाळ्यात एक व्हाइटबेट फिरकली नाही. दोन बोटं लांबीची काचेसारखी मासळी ती, पण तिलाही जीव प्यारा. शेवटी मी पाणकावळ्यावर रंग फासला. आणि एका वर्षी जमीन मोजणारा साहेब पट्टी विसरून आला होता, त्याने मोरॅगकडून कागदावर एक रेघ काढून घेतली आणि तिच्यावरून माझं कुंपण घातलं. ते कुंपण आजही सरळ आहे. समुद्र थोडा वाकडा दिसतो, पण तो त्याचा दोष.

तर गेल्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, तिच्या भावाची मुलगी मेरेआना इन्व्हरकार्गिलहून एक टॅब घेऊन आली. मेरेआना छापखान्यात पानं लावते, पंचेचाळिशीची आहे, कामाला वाघीण. आत्याला नदीतल्या बत्तीस जिवांच्या पुस्तकाचं काम मिळालं होतं, आणि प्रकाशकाला चित्रं टॅबवर हवी होती.

"ह्याच्यावर पाणी कुठे ठेवायचं?" मोरॅगने पहिला प्रश्न विचारला.

"पाणी लागत नाही, आत्या. हा जलरंगाचा ब्रश. हा कोळसा. हा तेलरंग."

"कोळशाने बोट काळं होत नाही तो कसला कोळसा?"

पण म्हातारी त्या खेळात अशी रमली की विचारू नका. एक आठवडा नुसता कोळसा. मग एक राठ केसांचा ब्रश सापडला, त्याने तिने खाडीतला चिखल असा रंगवला की मी टॅब हातात घेण्याआधी बूट काढले. चुकलं की दोन बोटांनी टिचकी मारायची, रेघ परत जाते. हे तिला मुळीच पटलं नाही. "रेघ परत जात नसते," म्हणायची, आणि चुकीची रेघ तशीच ठेवून पुढे काढायची. पण सकाळचं पानही ती टॅबवरच काढू लागली. रोज माझ्या झोपडीत, खिडकीजवळच्या टेबलाशी.

मार्चमध्ये मला दिसलं की चहाचा कप बशीवर वाजतोय. मोरॅगने कपाला शिव्या घातल्या. मग सुईत दोरा जाईना, तेव्हा दोऱ्याला घातल्या. टॅबवर मात्र रेघ लोण्यासारखी.

कारण त्या टॅबमध्ये एक पट्टी असते, शून्यापासून शंभरापर्यंत सरकणारी. जितकी उजवीकडे सरकवाल तितका हाताचा थरथराट यंत्र गिळून टाकतं आणि रेघ गुळगुळीत करून देतं. मेरेआना दर दोन आठवड्यांनी यायची, आत्याची चित्रं छापखान्यासाठी काढून घ्यायची, आणि जाता जाता ती पट्टी जराशी सरकवायची. एप्रिलमध्ये मी तिला पकडलं. माझ्याच टेबलाशी. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले, आणि मोरॅग किटली घेऊन वळणार एवढ्यात मी ओरडलो, "मोरॅग, ती टायरवाली वाम सांगितली होती का तुला?" ती माझ्याकडे वळली. पट्टी सरकली. झालं माझं पाप.

ऑक्टोबरात वादळ आलं. वारा असा की माझ्या शेजाऱ्याच्या मेंढ्या समुद्रापलीकडच्या स्टुअर्ट बेटावर चरून आल्या. तारा तुटल्या, वीज गेली, आणि दुसऱ्या सकाळी टॅब काळा पडला. मोरॅग जुनं पेन आणि शाईची बाटली घेऊन हजर झाली. नेम तो नेम. किटली समोर ठेवली, निब बुडवली, रेघ ओढली.

ती रेघ नव्हती. पाण्यातून निघालेल्या कुत्र्याने अंग झाडावं तसं काहीतरी होतं.

मोरॅग तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डंकन, तुझी झोपडी हलतेय."

"हलते," मी म्हणालो. "भरती आहे. पाणी खांबांना लागलं की हलते."

"हं."

हीच ती थाप. बाहेर ओहोटी होती. खिडकीतून अर्धा मैल चिखल दिसत होता. सेहेचाळीस वर्षं रोज तो चिखल बघणाऱ्या बाईला मी हे सांगितलं आणि तिने मान डोलावली, कारण तिलाही ते हवं होतं.

तिने निब बदलली. कागद बदलला. "ही शाई आंबलीय," म्हणाली. मग टेबल बाहेर नेलं, तर वाऱ्याला शिव्या. मग गाडीत बसून काढलं, तर गाडीच्या स्प्रिंगांना. शेवटी गावच्या सभागृहात गेली. तिथे सिमेंटची जमीन आहे, भूकंप आला तरी ढिम्म. त्या जमिनीवर चौऱ्याहत्तर वर्षांची बाई पालथी पडून किटली काढत होती, आणि मी कंदील घ्यावा तशी किटली धरून उभा. दहा पानं. दहाही पानांवर तो कुत्रा.

पानं गोळा केली आणि माझ्या झोपडीत येऊन बसली.

दुपारी मेरेआना आली. जनरेटर, पेट्रोल आणि दोन डझन चीज रोल. "आत्या, टॅब आधी चार्ज करू," म्हणाली, बिचारी. टॅब उजळला. मोरॅगने किटली काढली. लोणी.

मग तिने शाईचं पान टॅबशेजारी ठेवलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आणि ज्या बाईने दहा महिन्यांत त्या यंत्राची ब्रशांखेरीज चार बटणंसुद्धा कधी दाबली नव्हती, ती एकेक बटण दाबत सुटली. मेरेआनाचा चीज रोल हातातच राहिला. पाच मिनिटांनी ती पट्टी सापडली. सत्तर. मोरॅगने ती शून्यावर ओढली आणि रेघ काढली. पुन्हा तोच कुत्रा.

"हे कुणी केलं?"

"मी," मेरेआना म्हणाली.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीत दहावर ठेवली. मग..."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? पेन नदीत फेकलं असतंस! मी ओळखते ना तुला. मार्चमध्येच तू सगळं बंद करून बसली असतीस. दहा महिने खूश होतीस, आत्या. त्या ब्रशांशी लहान पोरीसारखी खेळत होतीस. मी ते मोडायला हवं होतं का?"

"हो!" मोरॅग इतक्या जोरात ओरडली की ह्या वेळी झोपडी खरोखर हलली. "मोडायलाच हवं होतं! अगं, मी कपाला शिव्या दिल्या. दोऱ्याला दिल्या. हाताला एकदा तरी दिल्या का? नाही! कारण रोज सकाळी माझी रेघ मला सांगत होती की तू ठीक आहेस. सेहेचाळीस वर्षांत ती माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तिला खोटं बोलायला तू शिकवलंस."

"आत्या, मला फक्त..."

"आणि सराव? रोजचं पान मी कशाला काढते, शोभेला? हा हात बिघडायला लागला तेव्हा रोज थोडा थोडा बिघडला असेल. मी रोज थोडी थोडी शिकले असते की ह्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं! कोपर टेकवून, श्वास रोखून, दात आवळून, कसंही! आता एकदम सत्तर पायऱ्या खाली पडलेय मी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्याकडे महिने किती आहेत गं? त्यातले तू आठ घेतलेस."

मेरेआनाने चीज रोल खाली ठेवला. ती रडली नाही, तिलाही राग आला होता. "मग घे शिव्या देऊन," म्हणाली. "पण तुझ्या हातातून दर महिन्याला काहीतरी जाताना मी एकटीने बघितलंय. ते फार मजेचं नव्हतं."

"एकटीने?" मोरॅग माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

माझ्या तोंडात घास होता. घास गिळायला मी जेवढा वेळ लावला तेवढ्यात तिला उत्तर मिळालं.

"टायरवाली वाम," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये. मला तेव्हाच वाटलं होतं, हा आज एवढा घाईत का सांगतोय." मग ज्या शिव्या ऐकल्या त्या मी इथे लिहीत नाही. एक मात्र सांगतो: "भरती आहे, म्हणे!" हे ती तीनदा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज चिरला.

शेवटी ती भाचीला म्हणाली, "आकडे सांग. कुठला मासा कितीवर काढला ते."

मेरेआनाने फोन काढला. तिने सगळं तारखेवार लिहून ठेवलं होतं.

"लिहून का ठेवलंस?"

"कधीतरी तू पकडणार हे मला माहीत होतं."

इनांगा शून्य. लहान वाम दहा. कोकोपू पंचवीस. फ्लाउंडर चाळीस. एकतीस जिवांचे एकतीस आकडे. मोरॅगने ते आपल्या थरथरत्या अक्षरात उतरवले. वीज आल्यावर तिने डनेडिनला प्रकाशकाच्या कचेरीत फिलिपाला फोन लावला. मी शेजारीच होतो, मला हाकलायचं ती विसरली होती.

"प्रत्येक चित्राखाली छापायचं. चित्र: मोरॅग गॅलब्रेथ. मदत: इतकी," ती म्हणाली.

फिलिपा गोड बोलत होती. चित्रं सुंदर आहेत, वाचकाला हे कळायची काही गरज नाही, हल्ली सगळेच वापरतात.

"वापरू देत. ते जाणून वापरतात. मी अडाण्यासारखी वापरली. छापा, नाहीतर माझं नाव काढून टाका आणि त्या पट्टीचं नाव घाला. तिचाही फोटो मागच्या पानावर येऊ दे."

पाऊण तास चाललं. फिलिपाने मान्य केलं, पण बारीक अक्षरात. शिवाय एक अट: बत्तिसावं चित्र, मोठ्या वामेचं, अजून राहिलं होतं. ते तरी पहिल्यासारखं सत्तरावर करून पाठवा.

"शून्यावर येईल," म्हणून मोरॅगने फोन आपटला.

डॉक्टरकडे गेली. त्याने गोळ्या दिल्या, त्याच्यावरही भडकून आली. आणि दुसऱ्या सकाळपासून वाम सुरू झाली. माझ्याच टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून. मी केलेला चहा प्यायची, पण कप पुढे ढकलताना माझं नाव घ्यायची नाही. "ए" म्हणायची. मेरेआना आली तर खिडकीबाहेर बघायची. एकोणीस सकाळी, एकोणीस वामा. कोपर टेकवून पाहिलं, पेन मुठीत धरून पाहिलं, रेघ लवकर ओढून पाहिली, सावकाश ओढून पाहिली. प्रत्येक पानानंतर असा काही सुस्कारा सोडायची की मला वाटायचं, आता पेन जाणार नदीत. पेन गेलं नाही. पान जायचं चुलीत.

एकोणिसावं पान तिने चुलीत घातलं नाही. खुर्ची वळवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे तोंड केलं आणि पान माझ्यासमोर धरलं.

"कशी आहे?"

माझ्या जिभेवर "झकास" हा शब्द पुऱ्या तयारीने बसला होता. आयुष्यभर मी त्याला कधी अडवलं नव्हतं. पण तिचे डोळे असे रोखलेले होते की मी पानाकडेच बघितलं, नीट बघितलं.

"डोकं वामेचं आहे," मी म्हणालो. "फार चांगलं आहे, खरंच. जबड्याशी ती रेघ थरथरते ना, ती वामच आहे. पण मधला भाग बागेतल्या रबरी नळीचा आहे. आणि शेपटीला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. शेपटी गेली, मोरॅग."

"शेपटी गेली?"

"गेली."

"एकोणीस दिवस मी इथे मरतेय आणि हा जाळं धुणारा मला सांगतो शेपटी गेली! नीघ! बाहेर नीघ!"

"झोपडी माझी आहे."

"नीघ म्हणते ना!" चहाचं फडकं माझ्या कानावरून गेलं. मी निघालो.

मेरेआनाची गाडी नुकतीच येऊन थांबली होती. ती खाली उतरली, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आतून पान टराटरा फाडल्याचा आवाज आला. मग वही उघडल्याचा. मग शाईच्या बाटलीचं झाकण.

"आत जाऊ का, डंकनकाका?"

"जीव प्यारा असेल तर नको."

"कोण आहे बाहेर?" आतून मोरॅग ओरडली. "मेरेआना आहे का? ये आत. बोलायचं काही नाही. माफ केलेलं नाही मी. हा कागद सरकतोय, तो दोन्ही हातांनी दाबून धर. आणि तू, ए! बाहेरच थांब. शेपटी झाली की हाक मारते."